क्वांटम इंटरनेट घरी खेळून बघा: चाळीस चिठ्ठ्या आणि एक नाणं

मी फायबर जोडतो, सोळा वर्षं झाली. रस्त्याच्या कडेला खड्ड्याजवळ ताडपत्री बांधून, मांडीवर स्प्लाइस मशीन घेऊन बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तोच मी. क्वांटम इंटरनेट, म्हणजे उजेडाच्या सुट्या कणांवर चालणारं जाळं, हा शब्द घरात आणला मुलीने. ती बीएस्सीला आहे. तिने तोंडी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. मग तिने वही फाडून चिठ्ठ्या केल्या, आम्ही चौघं फरशीवर बसलो आणि तासाभरात उजेड पडला.

खेळाआधी फायबरमधल्या डेटाची चोरी कशी होते ते सांगतो, कारण चोरीचं हत्यार माझ्याच पेटीत आहे. चालू कोर (फायबरमधला उजेड वाहणारा तंतू) ओळखायला आमच्याकडे एक चिमटा असतो. कोर त्यात धरला की त्याला हलका बाक येतो, बाकातून जरासा उजेड बाहेर गळतो आणि चिमट्यावरचा दिवा सांगतो की यावर ट्रॅफिक आहे, अमुक दिशेने. कामाची वस्तू आहे. चालू कोर चुकून कापला तर शिव्या आम्हीच खातो. पण तो गळलेला उजेड म्हणजे तुमचा डेटाच की. कुणी तिथे चांगला डिटेक्टर लावून बसला, तर पलीकडे फार तर अर्धा-एक डीबी लॉस (उजेडातली घट; डीबी हे तिचं माप) वाढलेला दिसेल. तेवढा लॉस तर जोड ठेवायच्या ट्रेमध्ये कोर नीट बसला नाही तरी येतो. एकदा घाईत माझ्याकडून ट्रेचं झाकण कोरवर दाबलं गेलं होतं, महिनाभर कुणाला पत्ता नव्हता.

हे चालतं, कारण नेहमीच्या सिग्नलमध्ये एकेका बिटामागे फोटॉनांचे, म्हणजे उजेडाच्या कणांचे, थवेच्या थवे असतात. चार उचलले तर कोण मोजतंय? क्वांटममध्ये एका बिटाला एकच फोटॉन. चोराने तो ठेवून घेतला तर पलीकडे काहीच पोचत नाही. म्हणजे त्याला नक्कल करून पुढे पाठवणं भाग आहे, आणि तिथेच तो सापडतो.

आता बसा. चाळीस चिठ्ठ्या, नाणं, प्रत्येकाला वही-पेन. माणसं चार: पाठवणारा, घेणारा, चोर आणि पंच. आमच्याकडे मुलगी पाठवणारी, मी घेणारा, भाचा चोर (मोठ्या हौसेने) आणि आई पंच.

पाठवणाऱ्याने दर चिठ्ठीला नाणं दोनदा उडवायचं. पहिल्यांदा छापा आला तर चिठ्ठीवर अधिकची खूण, काटा आला तर फुली. दुसऱ्यांदा छापा म्हणजे ०, काटा म्हणजे १. खूण आणि आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालायची, वहीत क्रमाने नोंद ठेवायची. खऱ्या यंत्रात अधिक म्हणजे फोटॉनचं ध्रुवण (उजेडाच्या कंपनाची दिशा) उभं किंवा आडवं, फुली म्हणजे ४५ अंशांत तिरकं.

पहिला डाव चोराविना. चिठ्ठी पंचाकडे जाते. घेणारा नाणं उडवून आपली खूण ठरवतो आणि पंचाला सांगतो. पंच चिठ्ठी एकटाच बघतो. खूण जुळली तर लिहिलेला आकडा सांगतो, नाही जुळली तर गुपचूप नाणं उडवून येईल तो आकडा सांगतो. दोन्ही वेळा चेहरा सारखाच ठेवायचा आणि चिठ्ठी फाडून टाकायची. पंच म्हणजे इथे निसर्ग. आमचा निसर्ग पहिल्या पाच मिनिटांत "अरे, फुली नाहीये ती!" असं मला सुचवायला लागला, म्हणून तोंडावर पदर धरायला लावला.

चाळीस संपल्या की दोघांनी मोठ्याने फक्त खुणा वाचायच्या, आकडे नाहीत. न जुळलेल्या ओळी खोडायच्या. निम्म्याच्या आसपास उरतात, आमच्या २३ उरल्या, आणि त्यांतले आकडे दोघांच्या वहीत तंतोतंत एक. ही तुमची किल्ली, हिनेच पुढचा संदेश कुलूपबंद करायचा. खुणा सगळ्या गल्लीने ऐकल्या तरी चालेल, चिठ्ठ्या केव्हाच फाटल्यात.

दुसरा डाव चोरासह. चिठ्ठी वाटेत तो अडवतो. त्यालाही आधी खूण निवडावी लागते, मगच पंच त्याला आकडा सांगतो आणि चिठ्ठी फाडतो. मग चोर आपली खूण आणि मिळालेला आकडा लिहून नवी चिठ्ठी पुढे सरकवतो. निम्म्या वेळा त्याची खूण चुकते आणि त्यातल्या निम्म्या वेळा घेणाऱ्याला उलटा आकडा मिळतो. म्हणजे खुणा जुळलेल्या ओळींतही चारात एक चूक. आमच्या १९ ओळींत ५ निघाल्या. भाचा रडकुंडीला आला, "मामा, मी एकही आकडा बदलला नाही!" खरंच नव्हता बदलला. नुसतं बघितलं होतं.

म्हणून किल्ली वापरण्याआधी थोडे आकडे उघड करून ताडून बघायचे आणि ते टाकून द्यायचे. वीस आकडे ताडले तर सगळेच जुळून चोर निसटण्याची शक्यता हजारात तीन. चूक जास्त दिसली की सगळी किल्ली कचऱ्यात. संदेश अजून निघालेलाच नसतो, त्यामुळे चोराच्या हाती काही लागत नाही.

ही युक्ती चार्ल्स बेनेट आणि जील ब्रासार यांची. डिसेंबर १९८४ मध्ये बंगळुरूच्या परिषदेत त्यांनी ती मांडली, म्हणून तिचं नाव बीबी८४. अनोळखी क्वांटम स्थितीची हुबेहूब नक्कल करता येत नाही हे १९८२ सालीच सिद्ध झालं होतं.

आता माझ्या धंद्यातली अडचण. चांगल्या फायबरमध्येही किलोमीटरमागे साधारण ०.२ डीबी लॉस असतो. १०० किमीवर शंभरातला एक फोटॉन उरतो. समृद्धी महामार्ग ७०१ किमी आहे. तेवढ्या लांबीच्या फायबरमध्ये सेकंदाला दहा अब्ज फोटॉन सोडले तरी पलीकडे एक पोचायला जवळजवळ तीन तास लागतील, आणि यात माझे जोड धरलेले नाहीत. नेहमीच्या लाइनवर आम्ही वाटेत ॲम्प्लिफायर बसवतो. पण ॲम्प्लिफायर म्हणजे फोटॉनच्या नकला काढणारं यंत्र. जो नियम चोराला आडवा येतो तोच आम्हालाही येतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटली.

त्यावर सध्याचे उपाय जोडतोडीचे आहेत. बीजिंग-शांघाय ही २,००० किमीची लाइन ३२ ठाण्यांनी जोडली आहे. ठाण्यात किल्ली उघडी होते, म्हणजे खोलीबाहेर पहारेकरी हवाच. चीनच्या मिशियस उपग्रहाने २०१७ मध्ये १,२०० किमीवरच्या दोन ठिकाणी गुंतलेले फोटॉन (अशी जोडी, की एकाचं माप दुसऱ्याच्या मापाशी जुळतं) पोचवले, कारण वरच्या पोकळीत लॉस कमी. आपल्याकडे डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल अशी १०० किमीहून लांब लाइन साध्या बाजारी फायबरवर चालवली.

पण नुसती किल्ली म्हणजे क्वांटम इंटरनेट नव्हे, आणि त्याने व्हॉट्सॲपही पळायला लागणार नाही. किल्लीपुरतं बोलायचं तर बँकांना आधी नव्या गणिती कुलपांचं (डेटा गुप्त ठेवणाऱ्या गणिताचं) सॉफ्टवेअरच परवडेल असं माझं मत. आजची बरीच कुलपं मोठा क्वांटम संगणक फोडू शकेल हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं, आणि आज साठवलेला डेटा तेव्हा उघडता येईल, म्हणून कुलपं तर बदलायलाच हवीत. क्वांटम लाइनीची खरी गरज लागेल ती लांबलांबचे क्वांटम संगणक एकमेकांना जोडायला. त्यासाठी दोन टोकांमध्ये गुंतलेली जोडी पोचवावी लागते, आणि त्याला चक्क जोड मारावा लागतो. हा तिसरा डाव.

पंचाने सारख्याच आकड्याच्या दोन चिठ्ठ्या, अशा दोन जोड्या करायच्या, कुणाला न दाखवता. पहिल्या जोडीतली एक मुलीकडे, दुसरी भाच्याकडे. दुसऱ्या जोडीतली एक भाच्याकडे, दुसरी माझ्याकडे. कुणीही उघडायची नाही. मग भाच्याकडच्या दोन्ही पंचाने बघायच्या, फक्त "सारख्या" किंवा "वेगळ्या" एवढंच म्हणायचं आणि फाडायच्या. "वेगळ्या" म्हटलं तर मी माझा आकडा उलटा धरायचा. आता माझी आणि मुलीची जोडी जमली, आमच्यात एकही चिठ्ठी थेट गेलेली नसताना. खऱ्या गुंतलेल्या जोडीत आकडा आधीपासून लिहिलेला नसतो, एवढा फरक लक्षात ठेवा; नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २०१५ मध्ये १.३ किमीवर ते पक्कं करून दाखवलं. तिथेच २०२१ मध्ये तीन ठिकाणांचं असं जाळं चाललं. अवघड जातं ते चिठ्ठी न उघडता, न बिघडता धरून ठेवणं, कारण दोन्ही जोड्या एकाच वेळी पोचत नाहीत.

आम्ही हा डाव लांबून खेळलो. मुलगी गच्चीवर, आई आणि भाचा जिन्यात, मी अंगणात. जोड मारला की मी साइटवरून एक्स्चेंजला फोन लावतो, "झाला, बघ रे", तोवर तिकडचा माणूस हात बांधून बसलेला असतो. तसाच मी बसलो होतो. आईने जिन्यातून "वेगळ्या!" म्हणून हाक मारली, तेव्हा कुठे माझ्या मुठीतल्या चिठ्ठीला किंमत आली.