गाडीने देशाची सीमा ओलांडताय? या चुका टाळा

विमानाने परदेशात उतरलात की फक्त माणसांचे कागद बघतात. रस्त्याने सीमा ओलांडताना गाडीचेही बघतात, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. पासपोर्ट, व्हिसा सगळं चोख. पण गाडी पलीकडच्या देशात न्यायची परवानगीच घेतलेली नसते.

यात भाड्याच्या गाडीबाबतची चूक सर्वांत महाग पडते. काउंटरवरच्या माणसाने "सगळीकडे चालेल" असं तोंडी सांगितलं, तर त्यावर विसंबू नका. जर्मनीत घेतलेली गाडी ऑस्ट्रियात सहसा विनाअडचण नेता येते. तीच अल्बेनिया किंवा कोसोव्होत न्यायला अनेक कंपन्या मनाई करतात. बुकिंगच्या वेळीच सगळे देश कळवा आणि करारावर त्यांची नावं लिहून घ्या. परवानगी नसताना अपघात झाला, तर विमा हात वर करतो आणि नुकसान तुमच्याच खिशातून जातं.

विम्याचं ग्रीन कार्ड (गाडीचा विमा कोणकोणत्या देशांत चालतो हे दाखवणारा कागद) जवळ असलं, तरी त्यावर ज्या देशाची अक्षरं खोडलेली असतील तिथे ते चालत नाही. कोसोव्हो तर त्या यादीतच नाही. तिथला विमा सीमेवर विकत घ्यावा लागतो. अमेरिकेतून मेक्सिकोत जाताना तिथे मान्य असलेला दायित्व विमा (दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा) वेगळा घ्या, अमेरिकेतली पॉलिसी तिथे त्यासाठी ग्राह्य धरत नाहीत. सीमेलगतचा पट्टा आणि बाहा कॅलिफोर्निया सोडून आत जायचं असेल, तर गाडीचा तात्पुरता आयात परवानाही लागतो. परतताना मुदतीच्या आत तो रद्द करून घ्या. लोक हे विसरतात आणि अनामत रक्कम गमावतात.

व्हिसाची चूक नकाशात लपलेली असते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, बोस्निया नाही. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकहून बोस्नियातलं मोस्तार बघायला गेलात आणि शेंगेन व्हिसा सिंगल एंट्रीचा (एकदाच प्रवेश देणारा) असेल, तर परतीचा दरवाजा बंद. क्रोएशियाच्या किनाऱ्याचा जुना रस्तासुद्धा नेउमजवळ बोस्नियातून जातो. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या पेल्येशाट्स पुलावरून गेलात, तर क्रोएशिया सोडावाच लागत नाही. नॅव्हिगेशन कोणता रस्ता दाखवतंय, हे निघण्यापूर्वीच बघा. तसंच अल्बेनियातून कोसोव्होत शिरून पुढे थेट सर्बियात जाण्याचा बेत आखू नका. कोसोव्होतला तो प्रवेश सर्बिया मानत नाही, त्यामुळे परत पाठवतात.

टोलचं ई-विनेट (काही देशांत महामार्गासाठी ऑनलाइन घ्यायचा ठरावीक मुदतीचा पास) गाडीच्या नंबरला जोडलेलं असतं. भाड्याच्या गाडीचा नंबर हातात आल्यावरच ते घ्या, आणि एकेक अक्षर ताडून बघा.

सीमाचौकीच्या खिडकीशी पोचण्याआधी गॉगल काढा, फोन ठेवून द्या. पासपोर्ट, नोंदणीपत्र, विमा आणि भाडेकरार हाताशी हवेत, डिक्कीतल्या बॅगेत नकोत. चौकीचे फोटो काढू नका. बाहेरून युरोपीय संघात शिरताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर ती जाहीर करावी लागते.

तरीही अडवलं, तर वाद घालू नका. नेमका कोणता कागद कमी आहे, ते विचारा. विमा कमी असेल, तर तो अनेक चौक्यांवर मिळतो. भाडेकंपनीचं परवानगीपत्र राहिलं असेल, तर त्यांना फोन करून ईमेलवर मागवा. मात्र रात्री त्यांचं कार्यालय बंद असू शकतं, म्हणून सीमा दिवसाच गाठा. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या कित्येक लहान चौक्याही रात्री बंद असतात. अशा वेळी मोठ्या चौकीपर्यंत वळसा घालावा लागतो, तेवढं इंधन टाकीत असू द्या.