पोलीस गोळीबाराचा व्हिडिओ ग्रुपवर आला की भांडायच्या आधी एवढं करा

कुठं तरी पोलिसांनी गोळी झाडली, माणूस गेला, आणि तासाभरात त्याची क्लिप आपल्या ग्रुपवर येऊन पडते. मग सुरू. एक जण म्हणतो सरळ सरळ मारलाय त्याला, दुसरा म्हणतो नीट बघ की बे त्याचा हात खिशाकडं गेलाय, तिसरा त्यावर लाल गोल काढून परत पाठवतो आणि संध्याकाळपर्यंत दोघं तिघं ग्रुप सोडून गेलेले असतात. क्लिप मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे कुणीच बघितलेली नसते. मी सोलापूरच्या नवी पेठेत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, दिवसभर टाइमलाइनवर फ्रेम पुढं मागं करणं हाच धंदा, त्यामुळं कॅमेरा काय दाखवतो आणि काय खातो हे रोज डोळ्यासमोर असतं, म्हणून सविस्तर लिहितोय. एकाचा जीव गेलेला असतो आणि वर्दीतल्या माणसाचं पुढचं आयुष्य त्या क्लिपवर टांगलेलं असतं, अशा गोष्टीवर अंदाजानं बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिल्यांदा क्लिप कुठली आणि कधीची ते बघा. "आत्ताच, सोलापूर" असं कॅप्शन कुणीही टाकतो. गाड्यांच्या नंबर प्लेट बघा, आपल्याकडं एमएच १३ नाहीतर अकलूजकडची एमएच ४५ दिसायला पाहिजे, मागून जाणारी बस एसटी आहे का कर्नाटकची, दुकानाची पाटी कुठल्या भाषेत आहे. आपलं गाव बॉर्डरवरचं, विजापूर-कलबुर्गीकडचा रस्ता आणि आपला हायवे मोबाईलवर सारखाच दिसतो. दोन तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि फोटोवरून शोधणाऱ्या गूगल लेन्सला टाका, पण माणसांचे नको, मागच्या इमारतीचे, पाटीचे, चौकाचे काढा. जुनी किंवा परदेशातली क्लिप असली तर बऱ्याच वेळा इथंच सापडते आणि सगळं भांडण तिथंच संपतं.

आता खरी क्लिप आहे असं धरा. मग सगळ्यात मोठा प्रश्न, ती सुरू कधी होते? मोबाईलवाला माणूस काही तरी गडबड झाल्यावरच फोन काढतो, म्हणजे त्याच्या आधीचं सगळं गेलेलं असतं. अमेरिकेतलं वॉल्टर स्कॉट प्रकरण यासाठी जरूर वाचा. ४ एप्रिल २०१५, साउथ कॅरोलिना राज्यातलं नॉर्थ चार्ल्सटन गाव, पोलिसानं गाडी थांबवली, झटापट झाली आणि गोळीबारात माणूस गेला. पोलिसाचं म्हणणं असं की त्यानं माझी टेझर गन (विजेचा झटका देणारी) घेतली, मला जिवाची भीती वाटली. दोन तीन दिवसांनी रस्त्यानं जाणाऱ्या एकाचा मोबाईल व्हिडिओ बाहेर आला, त्यात तो माणूस पाठ करून पळतोय आणि पोलीस मागून आठ गोळ्या झाडतोय. पोलिसांच्या गाडीवरच्या कॅमेऱ्यातही त्याच घटनेचं फुटेज होतं, पण त्यात गाडी थांबवल्यापासून तो पळेपर्यंतचंच, गोळीबार नाहीच. आणि मोबाईलच्या व्हिडिओत झटापटीची सुरुवात नीट नाही, वकिलानं बचाव त्या न दिसलेल्या भागावरच उभा केला. इतका स्पष्ट व्हिडिओ असून २०१६ च्या डिसेंबरात ज्युरीचं, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांचं, एकमत झालं नाही आणि तो खटला तसाच अर्धवट राहिला. पुढं २०१७ मध्ये त्या पोलिसानं फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात गुन्हा कबूल केला तेव्हा २० वर्षांची शिक्षा झाली. म्हणून ग्रुपवर पहिला प्रश्न हाच टाका, याच्या आधीचं फुटेज कुणाकडं आहे आणि नंतरचं कुणाकडं आहे.

बघायची पद्धत सांगतो. पहिल्यांदा कॅप्शन झाकून, न थांबवता, आहे त्या स्पीडला पूर्ण बघा. मग आवाज बंद करून बघा. मग मोबाईल उलटा ठेवून नुसता आवाज ऐका. त्यानंतर एक कागद घ्या आणि तीन रकाने करा, काय दिसतंय, काय ऐकू येतंय आणि लोक काय सांगतायत. "त्याचा उजवा हात कमरेकडं गेला" हे पहिल्या रकान्यात जातं, "तो हत्यार काढत होता" हे तिसऱ्या रकान्यात. हे एकदा स्वतःच्या हातानं लिहून बघा, पहिला रकाना किती लहान राहतो ते कळेल, आणि ग्रुपवर ज्या गोष्टी आपण छातीठोकपणे बोलतो त्यातल्या बऱ्याचशा तिसऱ्यातल्याच निघतात.

स्लो मोशन सगळ्यात शेवटी, आणि त्यावरून मनात काय होतं ते ओळखून. २०१६ मध्ये अमेरिकेत यावर अभ्यास झाला, तोच व्हिडिओ हळू करून दाखवला की लोकांना समोरच्यानं ते जास्त ठरवून केलं असं वाटतं, कारण त्याच्याकडं विचार करायला भरपूर वेळ होता असा आपलाच समज होतो. मी वरातीतला नाच स्लो करतो तेव्हा हेच घडतं, सहज वळलेली मान मुद्दाम वळवल्यासारखी दिसते. साध्या सीसीटीव्हीत बऱ्याचदा सेकंदाला १५ च फ्रेम असतात, कधी त्याहून कमी, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये हात कुठं होता हे कॅमेऱ्यानं टिपलेलंच नसतं. हळू करणारं ॲप ती मधली जागा स्वतःच्या मनानं भरतं. अंधारातला चेहरा एआयनं "क्लिअर" करून टाकणारे पण हेच करतात, त्यातलं नाक, डोळे, हातातली वस्तू सगळं मशीननं बनवलेलं असतं, त्यामुळं असा फोटो कुणी टाकला तर तो पुरावा म्हणून धरू नका आणि पुढं तर अजिबात पाठवू नका, एखाद्या भलत्याच पोराचा चेहरा त्यात तयार होतो आणि मग लोक त्याचं घर शोधत जातात.

कॅमेरा कुठं होता हे पण बघा. बॉडीकॅम पोलिसाच्या छातीवर असतो, त्यानं दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं की त्याचेच हात लेन्ससमोर येतात, आणि लेन्स वाइड असल्यामुळं जवळचा माणूस लांब वाटतो. शिवाय बॉडीकॅममध्ये हात सोडले तर तो पोलीस स्वतः दिसतच नाही. २०१९ च्या एका अभ्यासात हेच निघालं की तीच घटना बॉडीकॅममधून बघितली की पोलिसानं मुद्दाम केलं असं लोकांना कमी वाटतं आणि गाडीवरच्या कॅमेऱ्यातून बघितली की जास्त. आणखी एक, काही बॉडीकॅम बटण दाबायच्या आधीचे ३० सेकंद आपोआप सेव्ह करतात पण बिनआवाजाचे, ते बघून लगेच "आवाज कापलाय" म्हणून ओरडू नका, कुठला कॅमेरा होता आणि त्याचं सेटिंग काय होतं ते आधी विचारा.

सीसीटीव्हीचं सगळ्यात जास्त भांडण वेळेवरून होतं. अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये जाऊन डीव्हीआरचं (सीसीटीव्ही रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचं) घड्याळ बघा, चार मिनिटं पुढं नाहीतर दहा मिनिटं मागं, लाईट गेली की काही ठिकाणी तारीखच बदललेली. म्हणून फुटेज बघताना स्क्रीनवरच्या वेळेचा आणि स्वतःच्या मोबाईलच्या वेळेचा एकत्र फोटो काढून ठेवायचा, किती फरक आहे ते त्यातनं कळतं. बरेच डीव्हीआर समोर हालचाल झाली तरच रेकॉर्ड करतात, त्यामुळं मध्येच वीस सेकंद गायब दिसतात, ते कुणी उडवलंय का सेटिंगमुळं गेलंय हे मूळ मशीन तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आणि लोक करतात काय, मॉनिटरसमोर मोबाईल धरून शूटिंग करतात. त्यात वेळ अर्धी कापली जाते, स्क्रीनचे पट्टे येतात, मागनं दुकानदाराचं बोलणं रेकॉर्ड होतं. पेनड्राइव्हवर डीव्हीआरमधनं जशीच्या तशी एक्स्पोर्ट मारायची, फाईल कुठल्याही प्लेअरवर चालत नसली तरी चालेल, तीच कामाची. हे लवकर करायला पाहिजे कारण हार्डडिस्क भरली की पंधरा दिवस महिन्याभरात जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

आवाजाचं थोडं जास्त सांगतो कारण इथं भले भले चुकतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७० मीटरवरून शूट केलं असेल तर धूर किंवा झटका आधी दिसतो आणि आवाज अर्ध्या सेकंदानं येतो, यावरून "एडिट केलंय" असं ठरवू नका. उलट एडिटिंगमध्ये कुणी तो आवाज सरकवून बरोबर जुळवला असेल तर तीच गडबड. दोन्ही बाजूला इमारती असल्या की एका गोळीचे दोन तीन आवाज ऐकू येतात, मोबाईलचा माईक मोठा आवाज आला की स्वतःच दाबतो, म्हणून नुसत्या कानानं गोळ्या मोजू नका. आणि माणसं काय ओरडतायत? आपल्या गावात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चालतं, ही तर आपली सोयच आहे. खाली लिहिलेलं सबटायटल न दाखवता ज्याची ती घरची भाषा आहे अशा दोन वेगवेगळ्या माणसांना क्लिप ऐकवा आणि काय ऐकू आलं ते लिहून घ्या. सबटायटल एकदा वाचलं की कान तेच ऐकतात, मग "थांब" होतं का "मार" होतं हे परत वेगळं करता येत नाही.

एवढं सगळं करून पण दोघांचं एकमत होणार नाही, हे मान्य करा. २००७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पोलिसांनी गाडीच्या केलेल्या पाठलागाच्या एका केसमध्ये व्हिडिओच बोलतोय अशा अर्थाचा निकाल दिला आणि तो व्हिडिओ लोकांसाठी खुला केला. २००९ मध्ये तोच व्हिडिओ १३५० लोकांना दाखवून अभ्यास झाला, बहुतेकांना कोर्टासारखंच वाटलं, पण कोण कुठल्या समाजातला, कुठल्या विचारांचा, किती कमावणारा यावर कुणाला काय दिसलं ते बदलत गेलं. म्हणून समोरच्याला आंधळा किंवा विकला गेलेला म्हणू नका, त्याला विचारा की कुठल्या सेकंदाला तुला ते दिसलं. सेकंद सांगितला की बोलणं मुद्द्यावर येतं.

माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे, बंदूक सरकारची असेल तर फुटेज दाखवायची जबाबदारी पण सरकारची. शिकागोत २० ऑक्टोबर २०१४ ला लक्वान मॅकडोनाल्ड या १७ वर्षांच्या मुलाला एका पोलिसानं १६ गोळ्या घातल्या, चाकू घेऊन अंगावर आला असं पोलिसांकडून सांगितलं गेलं, आणि गाडीवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज बाहेर यायला १३ महिने आणि कोर्टाचा आदेश लागला. त्यात तो चालत बाजूला जाताना दिसतो. २०१८ मध्ये तो पोलीस दोषी ठरला. आपल्या गावात १९३० च्या मे महिन्यात गोळीबार झाला, मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लागला, १२ जानेवारी १९३१ ला स्वातंत्र्य आंदोलनातल्या चौघांना येरवड्यात फाशी झाली, तेव्हा काय घडलं ते सांगायला एकीकडं सरकारी कागद आणि दुसरीकडं लोकांच्या आठवणी एवढंच होतं. आता प्रत्येक चौकात कॅमेरा आहे, तर मागायला लाजायचं कशाला.

आणि मागायचं काय ते नेमकं मागा. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये आपल्याच राज्याविरुद्धच्या पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये एन्काउंटरसाठी नियम घालून दिलेत, एफआयआर झालाच पाहिजे, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या टीमनं करायचा, मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हायची, मानवी हक्क आयोगाला कळवायचं, आणि लगेच बढती-शौर्यपदक द्यायचं नाही. डिसेंबर २०२० च्या निकालात पोलीस ठाण्यांतलं सीसीटीव्ही फुटेज १८ महिने, अगदी जमलंच नाही तर निदान एक वर्ष ठेवायला सांगितलंय. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला तेव्हा आतला व्हिडिओ लोकांसमोर नव्हताच, तरी हायकोर्टानं वाटेवरचं सीसीटीव्ही जपून ठेवायला सांगितलं आणि पुढं मॅजिस्ट्रेटच्या अहवालात पोलिसांनी वापरलेलं बळ समर्थनीय नव्हतं असं आलं. त्याच्यावरचे आरोप भयंकर होते, पण म्हणून प्रश्न विचारायचे थांबवायचे नसतात.

क्लिप तुम्हीच काढली असेल तर ती कापू नका, त्यावर गाणं-बाण काही टाकू नका, मूळ फाईल फोनमधनं उडवू नका आणि फोन विकू नका. व्हॉट्सअपवर साध्या व्हिडिओसारखी पाठवली की फाईल दाबली जाते आणि तारीख-वेळेची आतली माहिती जाते, वकिलाला द्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा. कोर्टात कॉपी द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलवरून निघणारा तिचा खास कोड, लिहायची असते, ती एक फ्रेम बदलली तरी बदलते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या केसमध्ये २०२० ला सुप्रीम कोर्टानं सर्टिफिकेट लागतंच हे पक्कं केलंय, तेव्हा कायदा जुना होता आणि कलम ६५ब होतं, आणि मूळ फोनच मालकानं स्वतः कोर्टात आणून दाखवला तर सर्टिफिकेट लागत नाही हे पण त्याच निकालात आहे. पोलिसांनी फोन घेतला तर पंचनाम्याची कॉपी मागा. आणि मेलेल्या माणसाचा चेहरा असलेली क्लिप कुठल्याच ग्रुपवर टाकू नका, त्याची आई पण कुठल्या तरी ग्रुपवर असते.

मॅजिस्ट्रेटची चौकशी लागली की बहुतेक वेळा पेपरात छोटी जाहीर नोटीस येते, ज्यांना माहिती असेल त्यांनी अमुक तारखेपर्यंत उपविभागीय दंडाधिकारी कार्यालयात निवेदन द्यावं अशी. ती नोटीस कुणी वाचत नाही, ग्रुपवर हजार मेसेज पडतात आणि ऑफिसात दोन माणसं पण जात नाहीत. ती शोधा, फोटो काढून ग्रुपवर टाका. ज्यानं बघितलंय, ज्याच्याकडं क्लिप आहे, त्यानं साध्या कागदावर मी कुठं उभा होतो, किती वाजले होते, काय दिसलं एवढंच लिहून दोन प्रती न्यायच्या, एक आत द्यायची आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची.