प्रोग्रॅमिंगचा वर्ग पहिल्या आठवड्यापासून ओपन सोर्स पद्धतीने कसा चालवावा

ठाणे किंवा नवी मुंबईतील महाविद्यालयात प्रथम वर्षाला पायथन शिकवताना गिट (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन) आणि गटकाम शेवटच्या प्रकल्पासाठी राखून ठेवू नये. ओपन सोर्स प्रकल्पांत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना वाचता आणि सुधारता येतो अशा प्रकल्पांत असते तसे, ते पहिल्या आठवड्यातच सुरू करावे. एकट्याने लिहिलेला प्रोग्रॅम एकदा चालला की तो पुन्हा कोणी उघडत नाही, मात्र सहाध्यायाला तो वाचून बदलावा लागतो तेव्हा नीट नावे आणि छोटी फंक्शन्स कशासाठी हवीत, हे विद्यार्थ्याला आपोआप उमगते.

गट चौघांचे असावेत आणि ते हजेरी क्रमांकाऐवजी प्रवासाच्या मार्गाने जुळवावेत. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे येथून ट्रान्स हार्बर लोकलने येणारी मुले एका गटात असली, तर तासानंतरही काम पुढे सरकते.

पहिला सराव साधा ठेवावा. या मार्गावरील स्थानकांची मराठी नावे आणि प्रत्येकाबद्दल एक टीप अशी एक फाइल गटाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या सामायिक फोल्डरमध्ये, ठेवावी, प्रत्येकाने स्वतःची ब्रांच (बदलांसाठीची स्वतंत्र शाखा) काढून त्यात भर घालावी आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मूळ फाइलमध्ये घेण्याची विनंती, पाठवावी. मग दोघांना मुद्दाम एकच ओळ वेगवेगळ्या प्रकारे बदलायला सांगावे. दोन्ही बदल एकत्र (मर्ज) करताना होणारा संघर्ष (कॉन्फ्लिक्ट) सर्वांसमोर सोडवून दाखवावा, कारण ही अडचण ऐन परीक्षेच्या आठवड्यात प्रथमच समोर आली, तर विद्यार्थी घाबरून संपूर्ण फोल्डर एकमेकांना ईमेलने पाठवू लागतात आणि गिट कायमचे बाजूला पडते.

पुढचे काम त्याच फाइलमध्ये शोध घेणारा प्रोग्रॅम लिहिण्याचे. ‘पायऱ्या’ या शब्दातील ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, एकाच अक्षरचिन्हाने किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) अशा दोन चिन्हांनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलनेत जुळत नाहीत. पायथनमधील युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइझ फंक्शनने हा दोष दूर होतो. आपल्याच भाषेतला असा खरा दोष रिपॉझिटरीत इश्यू (दोषाची वा कामाची नोंद) म्हणून नोंदवून गटाने सोडवणे मला पाठ्यपुस्तकातील दहा उदाहरणांपेक्षा मोलाचे वाटते.

रिपॉझिटरीत परवान्याची फाइल पहिल्याच दिवशी घालावी, कारण परवाना नसलेला कोड सर्वांना दिसत असला तरी तो वापरण्याचा हक्क इतरांना मिळत नाही. सरावासाठी एमआयटी हा छोटा, मोकळीक देणारा परवाना पुरेसा आहे.

गुण देताना कमिटची (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांची) संख्या मोजू नये. विद्यार्थ्याने दुसऱ्याचा कोड वाचून कोणती सूचना केली आणि स्वतःला मिळालेल्या सूचनेवर काय केले, हे पाहावे. बाहेरच्या प्रकल्पांना पुल रिक्वेस्ट पाठवण्याची सक्ती तर मुळीच करू नये. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या ऑक्टोबरमधील उपक्रमात २०२० साली बक्षिसाच्या टीशर्टसाठी निरर्थक बदलांचा एवढा मारा झाला की आयोजकांना नियम बदलून, सहभागाची तयारी दर्शवणाऱ्या प्रकल्पांपुरताच तो उपक्रम मर्यादित करावा लागला. ज्या गटाला बाहेर योगदान द्यायचेच असेल, त्याने प्रकल्पाची नियमावली वाचावी, आधी इश्यूवर विचारणा करावी आणि होकार आल्यावरच कोड लिहायला घ्यावा.