ब्यूटशायरच्या खासदारांची यादी कशी वाचायची

नावांआधी यादीतल्या रिकाम्या जागा बघा. कराडला माझ्याकडे शिकायला येणारी पोरं थेट नावांवर जातात आणि तिथंच अडतात. स्कॉटलंडमधल्या या काउंटीला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १८३२पूर्वी एका पार्लमेंटात, म्हणजे एका निवडणुकीपासून पुढच्या निवडणुकीपर्यंत, खासदार दिसतो, पुढच्या पार्लमेंटात नाही. पान गहाळ झालंय असं समजू नका. १७०७च्या इंग्लंड-स्कॉटलंड एकीकरणात स्कॉटलंडला ब्रिटिश पार्लमेंटात ४५ जागा मिळाल्या, त्यातल्या काउंट्यांसाठी ३०. काउंट्या मात्र ३३. मग सहा काउंट्यांच्या तीन जोड्या लावल्या. ब्यूटशायरची जोडी केथनेसशी, आणि खासदार आळीपाळीने.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, डावीकडे ब्यूट, उजवीकडे केथनेस, सालवार उतरवा. एकीकडची मोकळी ओळ दुसरीकडे भरलेली सापडते. १७१६नंतर पार्लमेंट सात वर्षांपर्यंत चालू शकायचं. तेवढा काळ अख्ख्या काउंटीला स्वतःचा खासदार नाही! मला हा सरळ अन्याय वाटतो.

१८३२ला दोघांना स्वतंत्र जागा मिळाली. १९१८ला ब्यूटशायर उत्तर एअरशायरला जोडलं गेलं; पुढची नावं त्या जोडनावाखाली शोधा.

आपल्याकडेही हीच काळजी घ्या. २००८च्या पुनर्रचनेत कराड लोकसभा मतदारसंघ गेला, म्हणून पृथ्वीराज चव्हाणांचा १९९१चा निकाल साताऱ्याखाली नव्हे, कराडखाली बघा.