कार्बन डायऑक्साइड सेन्सर: डक्टला भोक पाडणं सोपं, बुजवणं अवघड

माणसांनी भरलेल्या सभागृहातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा पडद्यावर ४८० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४८० भाग) दिसत असेल तर खूश होऊ नका. बाहेरच्या मोकळ्या हवेतच आज साधारण ४२० ते ४३० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. माणसाच्या उच्छ्वासात तो सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम. दोनशे माणसं तासभर श्वास सोडताहेत आणि आकडा बाहेरच्यापेक्षा जेमतेम पन्नासने वर? एक तर त्या सभागृहात वादळ घोंघावतंय, नाहीतर सेन्सर भलत्याच हवेचा आकडा सांगतोय. वादळ मी अजून पाहिलेलं नाही.

सेन्सर क्वचितच खोटं बोलतो. त्याच्या तोंडाशी जी हवा येते तिचं तो इमानदारीने मोजमाप देतो. ती हवा योग्य आहे की नाही, हे बसवणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून बाकीच्या पायऱ्या मी भराभर सांगणार आहे आणि एकाच ठिकाणी रेंगाळणार आहे.

आधी एक घोळ निस्तरू. हा सेन्सर माणसांच्या गर्दीप्रमाणे ताजी हवा कमी-जास्त करण्यासाठी आहे, जीव वाचवणारा अलार्म म्हणून नाही. तळघरातल्या पार्किंगला कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर लागतो, तो वेगळा. जिथे कार्बन डायऑक्साइडवर चालणारी शीतयंत्रणा किंवा सिलिंडरचा साठा आहे, तिथे गळतीचा इशारा देणारा वेगळा डिटेक्टर जमिनीलगत लागतो, कारण शुद्ध वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. पण श्वासातून आलेला वायू खोलीच्या हवेत पूर्ण मिसळलेला असतो. त्यामुळे ‘जड वायू आहे, सेन्सर खाली बसवा’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि आपलं काम करा.

भिंत की डक्ट

एका एएचयूवर (हवा थंड करून पुरवणाऱ्या यंत्रावर) एकच मोठी जागा असेल तर रिटर्न डक्ट, म्हणजे खोलीतली हवा यंत्राकडे परत नेणारा पत्र्याचा मार्ग. अनेक खोल्या असतील तर गर्दीच्या प्रत्येक खोलीत भिंतीवर. यात मी तडजोड करत नाही. हिशेब करून बघा: दहा सारख्या खोल्या, नऊमध्ये ६०० पीपीएम आणि एका खचाखच भरलेल्या बैठकीच्या खोलीत १६००. सगळ्यांची हवा रिटर्न डक्टमध्ये एकत्र आली की आकडा येतो ७००. कंट्रोलर समाधानी, डॅम्पर (ताजी हवा आत सोडणारा पडदा) मिटलेला आणि बैठकीतली मंडळी पेंगताहेत.

भिंतीवर बसवायचा तर जमिनीपासून ०.९ ते १.८ मीटर उंचीवर. दार, खिडकी आणि खोलीत हवा सोडणाऱ्या सप्लाय ग्रिलच्या झोतापासून लांब, आणि कोणाची खुर्ची अगदी खाली येणार नाही अशा जागी, नाहीतर तो एकट्या माणसाच्या श्वासावर अख्ख्या खोलीचा निकाल देत बसेल. डक्टमध्ये बसवायचा तर ताजी हवा मिसळण्याच्या आधी, सरळ भागात, आणि पुढे झाकण उघडायला हात पोचेल अशा ठिकाणी. ह्युमिडिफायरच्या पुढे नको.

भोक पाडण्याआधी

पंखा बंद करा, आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. ‘मी पॅनलवरून बंद केलाय’ हे पुरेसं नाही. बीएमएसचं (इमारतीची यंत्रणा चालवणाऱ्या संगणकाचं) वेळापत्रक तुम्हाला विचारून चालत नाही, ते ठरल्या वेळी पंखा सुरू करतं. फायर पॅनलवाल्यांना कळवा, कारण ड्रिलिंगच्या धुळीने स्मोक डिटेक्टर वाजतो आणि इमारत रिकामी करण्याचं श्रेय तुम्हाला मिळतं. तपासणीचं दार उघडून आत डोकवा: मागे कॉइल, इलेक्ट्रिक हीटर, फायर डॅम्पर किंवा एखादी वायर नाही ना? जुन्या इमारतीत डक्टच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असल्याची शंका आली तर ड्रिल खाली ठेवा आणि तपासणी होईपर्यंत हात लावू नका.

मग स्टेप ड्रिलने भोक पाडा, कडा घासा, चुरा चुंबकाने उचला. झालं.

आणि आता ते भोक बुजवा

माझं पहिलं मोठं काम एका सभागृहाचं होतं. सेन्सर प्लांट रूममध्ये (यंत्रांच्या खोलीत), रिटर्न डक्टवर, पंख्यापासून थोड्याच अंतरावर. दिवसभर कार्यक्रम, सभागृह गच्च, आणि आकडा ५०० च्या आसपास चिकटलेला. मी सेन्सर बदलला. तेच. केबल नवी ओढली. तेच. कंट्रोलरवर खापर फोडलं, त्याच्या कंपनीशी दोन आठवडे वाद घातला. मग एकदा वायरी तपासायला झाकण उघडायला गेलो आणि खिशातून निसटलेला कागदाचा चिटोरा केबलच्या भोकावर जाऊन टच्चकन चिकटला. झाकण तसंच ठेवलं, चिटोरा काढला आणि बाहेरून ते भोक अंगठ्याने दाबून धरलं. तीन-चार मिनिटांत आकडा ११०० च्या वर गेला. तीन आठवड्यांची मगजमारी एका ग्लँडमुळे, म्हणजे केबल आत घेऊन भोवतीची फट बंद करणाऱ्या तुकड्यामुळे, झाली होती.

कारण समजून घेतलं तर पुन्हा चूक होत नाही. डक्टमध्ये शिरणारी सेन्सरची नळी आतून दोन वाटांची असते. वाऱ्याकडे तोंड असलेल्या फटीतून हवा आत येते, सेन्सरपाशी फिरते आणि मागच्या फटीतून बाहेर पडते. ही हवा ढकलायला मिळणारा जोर अगदी किरकोळ असतो. डक्टमधल्या हवेचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला तर जेमतेम १५ पास्कल. उलट पंख्याच्या तोंडाशी रिटर्न डक्टमधली ओढ शंभर-दोनशे पास्कल सहज असते. म्हणजे सेन्सरच्या डबीला बाहेरच्या बाजूने बारीकशी फट राहिली, की डक्ट त्या फटीतून प्लांट रूमची हवा ओढतो आणि ती हवा बरोबर सेन्सरच्या अंगावरून जाते. नमुन्याच्या हवेला आत यायला वावच राहत नाही. प्लांट रूममध्ये बहुतेकदा बाहेरच्या हवेची जाळीही असते, त्यामुळे आकडा अगदी छान दिसतो. छान आकड्याची तक्रार कोणी करत नाही, आणि या चुकीचा सगळ्यात मोठा धोका तोच आहे. सेन्सर १८०० दाखवत असता तर पहिल्याच दिवशी फोन आला असता.

म्हणून हवा कुठून शिरू शकते ते एकेक करून बघा.

डबीचा फ्लँज (भोवतीची पसरट कड) डक्टच्या पत्र्यावर टेकला पाहिजे. बाहेरून इन्सुलेशन असेल तर तेवढा चौकोन कापून काढा. मऊ लोकरीवर गॅस्केट दाबून स्क्रू कितीही आवळले तरी खालून हवा वाहत राहते. नंतर कापलेल्या कडा टेपने बंद करा, नाहीतर गार डक्टवर घाम येऊन पाणी ठिबकेल.

ग्लँड केबलच्या मापाचा हवा, आणि केबल गोल, बाहेरून एकच आवरण असलेली. दोन सुट्या वायरी एका ग्लँडमधून घालून आवळणारे लोक मी आजही बघतो. मध्ये राहणारी फट डोळ्यांना दिसत नाही, डक्टला मात्र बरोबर सापडते. दोन केबली असतील तर दोन ग्लँड. न वापरलेल्या भोकांची कारखान्यातली टोपणं जागेवर आहेत का, तेही बघा.

कॉन्ड्युट, म्हणजे वायरी नेणारा पाइप, हा सगळ्यात लबाड. बाहेरून सगळं घट्ट दिसतं, पण पाइपच्या पोटातून फॉल्स सीलिंगवरची हवा थेट डबीत येते. पाइपच्या तोंडात, वायरींच्या भोवती सील करायची पुटी दाबून भरा. भिंतीवरच्या सेन्सरलाही हेच लागू आहे. त्याच्या पाठीमागे बॉक्स, बॉक्समधून वर जाणारा पाइप, आणि त्यातून येणारी हवा सेन्सरच्या बरोबर पाठीवर. मग खोलीत कोणी असो वा नसो, तुम्ही छताच्या पोकळीचं कार्बन डायऑक्साइड मोजत बसता.

झाकणाचं रबर जागेवर बसवून स्क्रू तिरक्या क्रमाने आवळा.

सिलिकॉनबद्दल एक कडक मत. डबीच्या आत सिलिकॉनचे लपके मारू नका, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर मुळीच नको. सुकताना ते ॲसिडची वाफ सोडतं आणि सर्किटवरचं तांबं खातं. पुटी उद्या काढता येते, पुन्हा भरता येते. सिलिकॉनने सीलबंद केलेलं झाकण पुढचा माणूस पेचकसाने फोडतो.

मग पंखा सुरू करा आणि टिश्यू पेपरची बारीक पट्टी ग्लँड, फ्लँज, झाकणाची कड असं सगळीकडे फिरवा. पट्टी जराही ओढली गेली तर काम झालेलं नाही. फुंकर मारून सेन्सर तपासू नका. फुंकरेने आकडा वरच्या टोकाला जातो, त्यातून फक्त वायर जिवंत आहे एवढंच कळतं. फटीचा पत्ताच लागत नाही.

वायरिंग

२४ व्होल्ट एसीच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर अनेक उपकरणं असतील तर प्रत्येकाचा कॉमन एकाच बाजूला आहे याची खात्री करा. काही सेन्सरमध्ये हाफ-वेव्ह रेक्टिफायर (एसीची फक्त अर्धी लाट वापरणारा भाग) असतो. एकाचं टोक उलटं लागलं की कॉमन वायरमधून शॉर्ट होतो, आणि जळतं ते नेमकं दुसरंच उपकरण. सिग्नलची केबल शील्डेड घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) पॉवर केबलपासून लांब ठेवा.

सेन्सरची रेंज आणि कंट्रोलरमधली रेंज जुळवा. ० ते २००० पीपीएम आणि ० ते १० व्होल्ट असेल तर १००० पीपीएमला ५ व्होल्ट यायला हवेत. ४ ते २० मिलीअँपिअर असेल तर १२. कंट्रोलरमध्ये चुकून ५००० ची रेंज राहिली तर तेच ५ व्होल्ट २५०० म्हणून दिसतात.

मी शक्यतो ४ ते २० मिलीअँपिअर निवडतो. ० ते १० व्होल्टमध्ये वायर तुटली की कंट्रोलरला ० पीपीएम दिसतं. त्याच्या दृष्टीने ती जगातली सर्वात शुद्ध हवा, आणि तो डॅम्पर मिटवून घेतो. कोणताही सिग्नल असला तरी प्रोग्रॅममध्ये एक अट घालून घ्या: आकडा ३०० च्या खाली गेला की सेन्सर बिघडला असं समजायचं, डॅम्पर पूर्ण गर्दीसाठी ठरलेल्या जागेवर न्यायचा आणि अलार्म द्यायचा. आणि आकडा कितीही चांगला असला तरी किमान ताजी हवा बंद करायची नाही. फर्निचर, रंग, गालिचे यांतूनही वायू सुटत असतात आणि हा सेन्सर त्यांना ओळखत नाही.

सेटपॉइंटवर (कंट्रोलरने राखायच्या आकड्यावर) फार खल करू नका. १००० पीपीएमचा आकडा म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफरने १८५८ मध्ये सुचवला होता, शिळ्या हवेची खूण म्हणून. त्यापलीकडे हवा विषारी होते असं नाही. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी अनेक देशांत धरली जाणारी मर्यादा ५००० आहे.

कॅलिब्रेशनची घाई

बहुतेक सेन्सर इन्फ्रारेडचे असतात. ४.२६ मायक्रॉनचा प्रकाश कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्यावरून मोजमाप. दिवा जुना होत जातो तसा आकडा सरकतो, म्हणून त्यांत आपोआप सुधारणा करणारी सोय असते. गेल्या एक-दोन आठवड्यांतला सर्वात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं ती धरून चालते. रात्री रिकाम्या होणाऱ्या कार्यालयात हे उत्तम. रुग्णालयात किंवा तिन्ही पाळ्या चालणाऱ्या जागेत हवा कधीच बाहेरच्या पातळीवर येत नाही, आणि सेन्सर ६०० ला ४०० म्हणायला लागतो. तिथे ही सोय बंद करा आणि दोन तरंगलांबींवर मोजणारा सेन्सर घ्या. त्यातली एक तरंगलांबी कार्बन डायऑक्साइड शोषत नाही, तिच्याशी तुलना होते.

उंचावरच्या ठिकाणी समुद्रसपाटीपासूनची उंची सेटिंगमध्ये भरायला विसरू नका. हवेचा दाब कमी झाला की रेणू विरळ होतात. १५०० मीटरवर दुरुस्तीशिवाय आकडा साधारण सहाव्या हिश्शाने कमी येतो.

पहिल्या दिवशी हाताने कॅलिब्रेट करू नका. शिडीवर चढून, तोंड सेन्सरपासून वीतभर अंतरावर ठेवून ‘बाहेरची हवा ४००’ असं बटण दाबलेला एक सेन्सर मी स्वतः बसवलेला आहे. त्यात बाहेरची हवा नव्हती, माझा श्वास होता.

दोन आठवड्यांनी, जागा भरलेली असताना परत जा. हातातला चांगला मीटर रिटर्न ग्रिलपाशी, तोंडापासून हातभर लांब धरा, दहा मिनिटं थांबा, मग पॅनलवरचा आकडा बघा. अनेक सेन्सरची अचूकता ±५० पीपीएम अधिक वाचनाच्या ३ टक्के अशा धाटणीची असते, म्हणजे १००० ला दोन्हीकडे ८०. मीटरचीही चूक धरून शंभर-सव्वाशेचा फरक चालेल. पॅनलचा आकडा दोनशे-तीनशेने कमी असेल तर कॅलिब्रेशनच्या मेनूत शिरू नका, आधी टिश्यूची पट्टी काढा. जुळला तर झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने तारीख, रेंज, भरलेली उंची आणि आपोआप सुधारणा चालू की बंद एवढं लिहा. त्याखाली मी आणखी एक ओळ लिहितो: ‘पुटी काढलीस तर परत भर.’