भरलेला सिलिंडर एका हातात: जड गिटार ॲम्प उचलायचा आणि न्यायचा कसा

घरातला लाल गॅस सिलिंडर भरलेला असतो तेव्हा साधारण ३० किलो असतो. १४.२ किलो गॅस, बाकी सगळं लोखंड. फेंडर कंपनीचा ६५ ट्विन रिव्हर्ब हा गिटार ॲम्प साधारण २९ किलो. म्हणजे आपण गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, निघतो तेव्हा एका खांद्यावर गिटार, एका हातात पेडलबोर्ड (आवाज बदलणाऱ्या पेडलची फळी) आणि दुसऱ्या हातात भरलेला सिलिंडर असतो, आणि वर घरचे विचारतात की बाबा वाजवून आलास ना, मग दमलास कशाने.

आणि सिलिंडर बरा हो! तो गोल असतो, खांद्यावर नीट बसतो, पकडायला वर कडं असतं. ॲम्प म्हणजे खोकं, त्याचा कोपरा प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या वाटीवर येतो आणि सगळं ओझं वरच्या एका पट्ट्याला लटकलेलं असतं.

मी पुण्यात राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बरीच वर्षं ट्यूब कॉम्बो वागवतोय, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा, ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली ती आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं त्यात बसेल. किलो मोजत बसू नका, उचली मोजा. ॲम्प जमिनीवरून वर आला की एक उचल. माझा हिशोब असा होता: घरातून एक, मधल्या मजल्यावर टेकवून परत एक, पार्किंगमधून गाडीत, हॉलच्या गेटवर गाडीतून खाली, मग हॉलच्या पायऱ्या, मग स्टेज. सहा झाल्या. रात्री परत तेवढ्याच, त्याही दमलेल्या अंगानी. एका गिगला बारा वेळा सिलिंडर. वजन कमी करायला पैसे लागतात, उचली कमी करायला नुसतं डोकं लागतं.

आधी हा एवढा जड का असतो ते बघू, कारण त्यावरच कुठं पकडायचं ते ठरतं. ट्यूब ॲम्पमधे ट्रान्सफॉर्मर असतात, लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा आणि त्यावर तांब्याची तार. त्यात स्पीकरची मॅग्नेट, मग जाड लाकडाचं खोकं. पण हे वजन सगळीकडे सारखं नसतं. फेंडर समोरून बघितला तर इनपुट डावीकडे आणि पॉवर उजवीकडे, आणि मोठा ट्रान्सफॉर्मर पॉवरच्या बाजूलाच, त्यामुळे उजवं टोक जड. मार्शलच्या हेडला (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) बरोब्बर उलटं, पॉवर डावीकडे. तुमच्या ॲम्पचं माहीत नसेल तर दोन बोटांनी एकेक टोक जरा उचलून बघा, लगेच कळतं. मग जड टोकावर खडूनं किंवा टेपनं खूण करा. उगाच वाटेल, पण अंधाऱ्या स्टेजमागे ज्या मित्राला तुम्ही 'जरा धर रे' म्हणणार आहात त्याला हे माहीत नसतं, आणि तो हलक्या टोकाच्या हिशोबानं हात घालतो.

दुसरं, हँडल. निघायच्या आदल्या दिवशी हँडलचे स्क्रू हलवून बघा. पट्टीवालं हँडल दोन टोकांना स्क्रूवर बसवलेलं असतं आणि ॲम्प वाजताना रोज थरथरतो, त्यात ते ढिले होतात. माझा एकदा दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर सुटला, नशीब की जिन्यात नाही, पायावर नाही. तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर गिटारच्या बॅगेतच असतो.

आता उचलायचं कसं. पाय थोडे फाकवून, ॲम्पला अगदी चिकटून उभं राहायचं, गुडघ्यात वाकायचं, ॲम्प पोटाशी ओढायचा आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच करत नाही, मी पण करत नव्हतो. अमेरिकेत नायॉश म्हणून कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी संस्था आहे, त्यांच्या उचलण्याच्या सूत्रात सगळं आदर्श धरलं तरी, म्हणजे दोन्ही हात, वजन अंगाशी, कुठंही पिळायचं नाही, तरी आकडा २३ किलोवरच थांबतो. आणि आपण २९ किलो एका हातानं, एका बाजूला झुकून, चपला घालून नेतो. चपला घालून तर अजिबात नको. स्टेजच्या मागे केबल असतात, पाणी सांडलेलं असतं.

पण खरी गोम उचलण्यात नाहीये, पिळण्यात आहे. माझं तसंच झालं. गाडीच्या डिकीत ॲम्प आत सरकलेला, मी वाकून दोन्ही हात लांब करून तो ओढला, काठावरनं वर घेतला आणि पाय न हलवता नुसती कंबर वळवून फुटपाथवर ठेवायला गेलो. ठेवला व्यवस्थित. सरळ झालोच नाही. अशी उसण भरली की मी डिकीच्या काठाला धरून तसाच उभा, श्वास घेतला तरी कळ, आणि आमचा ड्रमर बाजूला उभा राहून हसतोय कारण त्याला वाटलं मी नाटक करतोय. त्या रात्री अख्खा सेट खुर्चीत बसून वाजवला आणि निघताना माझ्या बुटाच्या नाड्या त्यानं बांधल्या. पुढचे आठ दिवस आईचा शेक आणि 'कशाला उचलतोस एवढं' हे दोन्ही सोबतच.

म्हणून डिकीसाठी माझा आता ठरलेला क्रम आहे. डिकीत आधी एक जुनी सतरंजी टाकायची, तिचं एक टोक बाहेर राहील अशी, आणि ॲम्प त्यावर ठेवायचा. काढताना ॲम्प नाही ओढायचा, सतरंजी ओढायची, सगळं आपोआप काठापर्यंत सरकत येतं. मग ॲम्प काठावर अर्धा बाहेर टेकवून थांबायचं, एक श्वास, तो छातीशी मिठी मारल्यासारखा धरायचा आणि वळायचं तर पावलं टाकत पूर्ण अंगानं वळायचं. हे एवढं जरी केलंत तरी लेख वाचल्याचं सार्थक. कळ पायात उतरली किंवा पाय बधिर वाटला तर मात्र शेक वगैरे सोडा, सरळ डॉक्टर.

जिना. एकट्यानं उतरवू नका, २० किलोच्या वरचं काहीही. दोघं लागतात आणि दोघांपैकी खालच्याच्या अंगावर जास्त ओझं येतं, म्हणून धडधाकट माणूस खाली आणि ती खूण केलेली जड बाजू वरच्याकडे. खालचा उलटा चालत असतो, त्याला पायरी दिसत नाही, त्यामुळे वरच्यानं बोलत राहायचं: 'दोन राहिल्या, एक, आता सपाट'. जुन्या वाड्यांच्या किंवा पेठेतल्या बिल्डिंगच्या वळणावर तर ॲम्प आडवा जातच नाही, तिथं खाली टेकवा, उभा करा, फिरवा, परत धरा. एक उचल वाढली तरी चालेल, भिंतीत बोटं चेंगरण्यापेक्षा बरं. आणि पॉवर कॉर्ड! ती मागं लोंबकळत असते आणि जिन्यात तिच्यावर हमखास कुणाचा तरी पाय पडतो. निघत असेल तर काढून खिशात, नाहीतर गुंडाळून आत खोचून टाका.

ट्रॉली घ्याच, याच्यावर वाद नाही. पण विमानतळावर ओढतात तसली बारीक चाकांची घेऊ नका, ती आपल्या फुटपाथच्या ब्लॉकमधे पहिल्या वीस पावलांत अडकते. दुकानात माल आणणारे वापरतात तशी उभी हातगाडी बघा, रबरी चाकं सहा-आठ इंचाची. मी माझी हार्डवेअरच्या दुकानातून घेतली, म्युझिकच्या दुकानातून नाही. कॉम्बोत चॅसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूब बसवलेला सांगाडा, वर असते म्हणजे वजन वरच्या बाजूला, त्यामुळे एका पट्ट्यावर भागत नाही, खाली एक वर एक असे दोन बांधा. रबरी बंजी ताणते आणि खड्ड्यात ॲम्प बाहेर झुकतो, म्हणून न ताणणारा बकलवाला पट्टा. तो नसेल तर चांगली जाड दोरी आणि कुणीतरी गाठ मारता येणारा माणूस. पायऱ्या चढताना आपण पुढे, ट्रॉली मागे, एकेक पायरी ओढत. नुसत्या ट्रॉलीनं माझ्या बारा उचलींच्या सात झाल्या.

काही ॲम्पना चाकं असतातच, रोलँडचा जेसी १२० बहुतेकांनी स्टुडिओत ढकललेला असेल, तोही २८ किलोचा आहे पण चाकांमुळे कुणी शिव्या घालत नाही. मोठ्या कॅबनाही (कॅब म्हणजे नुसत्या स्पीकरचं खोकं) चाकं येतात. स्टुडिओच्या फरशीवर ती मस्त, पण टेम्पोत चाकांवर उभा ठेवलेला ॲम्प म्हणजे प्रत्येक सिग्नलला पुढं, प्रत्येक चढाला मागं. चाकं निघत असतील तर काढा, नसतील तर ॲम्प टेम्पोच्या भिंतीला लावून बांधा.

रिक्षाचं सांगतो कारण बरेच जण तेच करतात. सीटवर ठेवायचा, स्पीकरचं तोंड सीटच्या पाठीकडे, खाली दुमडलेली गोधडी, आणि आपण बाजूला बसून एक हात त्यावर. मागच्या सामानाच्या जागेत नको, तिथं खाली इंजिन आहे, गरम पण होतं आणि थरथरतं पण. रिक्षावाल्या काकांना आधीच दाखवा, 'काका एवढं आहे, चालेल ना', आणि मीटरवर थोडे वर द्यायची तयारी ठेवा. मला एकांनी विचारलेलं, 'मिक्सर का?' मी हो म्हटलं.

चार बाय बाराची, म्हणजे बारा इंची चार स्पीकरची कॅब असेल तर मात्र रिक्षा, हॅचबॅक सगळं विसरा आणि छोटा हत्ती सांगा. मार्शलची १९६० ए जवळपास ७७ सेंटिमीटर रुंद आणि ३६ किलोच्या आसपास आहे, डिकीत जागा असते हो, पण डिकीच्या तोंडातून ती आत जात नाही. टेप घेऊन तोंड मोजा, आतली जागा नंतर. आणि कॅब जड वाटली तर एक आठवा, १९६५ च्या सुमारास द हू या बँडच्या गिटारिस्ट पीट टाउनशेंडला एकाच खोक्यात आठ स्पीकर हवे होते, जिम मार्शलनं करूनही दिले, आणि ते उचलणाऱ्या रोडींनी, म्हणजे बँडचं सामान वाहणाऱ्यांनी, हात टेकले. शेवटी खोक्याचे दोन भाग करून एकावर एक ठेवले. आपण ज्याला फुल स्टॅक म्हणून भारावून बघतो तो मुळात हमालांच्या तक्रारीतून आलाय. आवाजाचं काहीतरी मोठं शास्त्र असेल असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

हमालावरून आठवलं, मोठ्या हॉलला बाहेर कुणी हमाल किंवा लोडर असेल तर पैसे द्या आणि त्यांना उचलू द्या. पण आधी सांगा की आत काच आहे. ते पोत्याच्या सवयीनं छान उचलतात, पण ठेवताना पोतं ठेवतात तसंच ठेवतात.

काच म्हणजे ट्यूब. सेट संपला की पहिलं काम ॲम्प बंद करायचा आणि शेवटचं काम तो उचलायचा. मधल्या वेळात पेडल, केबल, स्टँड, लोकांचे फोटो. गरम ट्यूबला धक्का सोसत नाही, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. लांबचा प्रवास किंवा ट्रान्सपोर्टनं पाठवणार असाल तर ट्यूब काढून, कोणती कुठली ते लिहून, कापडात वेगळ्या न्या. पावसाळ्यात वरून मोठी प्लास्टिक पिशवी हवीच, रेक्झीन भिजलं तरी पुसता येतं, पण मागची बाजू उघडी असते. आणि पोचलात की पिशवी लगेच काढा, एसी हॉलमधे ओला ॲम्प आल्या आल्या चालू करू नका, पंखा असेल तर समोर थोडा वेळ ठेवा.

वजनच कमी करायचं असेल तर रस्ते आहेत, पण पैसे लागणारे आहेत. कॉम्बोचं हेड आणि कॅब असे दोन नग करून घेता येतात, एकूण वजन कमी होत नाही उलट जरा वाढतं, पण एका वेळी हातात निम्मंच येतं. निओडिमियम मॅग्नेटचा स्पीकर बसवला तर काही किलो जातात. फेंडरनीच २०१९ ला टोन मास्टर ट्विन काढला, आतून डिजिटल, वजन १५ किलो. मी वाजवून बघितलाय, चांगला आहे, मित्राकडचा उचलून त्याच्या गाडीत ठेवला तर एका हातानं गेला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. तरी विकत घेतला नाही. हे का ते विचारू नका, मला पण नीट सांगता येत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ॲम्प नेऊच नका. कार्यक्रम ठरतानाच साउंडवाल्याला विचारा बॅकलाइन, म्हणजे तिथं आधीच असलेले ॲम्प वगैरे, कोणती आहे. ट्विन किंवा जेसी १२० त्यांच्याकडे असेल तर आपली गिटार आणि पेडलबोर्ड घेऊन जायचं, शून्य उचली. फक्त 'ॲम्प आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, मॉडेल विचारा, फोटो मागवा.

न्यायचाच असेल तर त्याच फोनवर हे पण विचारून घ्या: गाडी स्टेजच्या किती जवळ येते, मागचं दार आहे का, पायऱ्या किती, आणि लिफ्ट आहे का. लिफ्ट आहे म्हणाले तर 'चालू आहे का' हे वेगळं विचारायचं आणि 'आम्हाला वापरता येईल का' हे त्याहून वेगळं. मागच्या गिगला लिफ्ट होती, चालू पण होती. आत दारापासून छतापर्यंत लग्नाच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या.