मडसाठी तिकीट सॉफ्टवेअर निवडताना

टेलनेटवर (दुसऱ्या संगणकाशी मजकुरातून जोडणारी जुनी पद्धत) चालणाऱ्या मडसाठी, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायच्या मजकुरी खेळासाठी, तिकीट सॉफ्टवेअर, म्हणजे खेळाडूंच्या तक्रारी नोंदवून त्यांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर, शोधताय? मग आधी एवढंच बघा: खेळाच्या आतून तिकीट उघडता येईल का? सर्कलमड या मड बनवण्याच्या तयार कोडमध्ये ‘बग’, ‘टायपो’, ‘आयडिया’ या कमांड असतातच. पण त्या खेळाडूचा मजकूर, पात्राचं नाव आणि खोलीचा क्रमांक नुसता एका फाइलीत टाकतात, आणि ती फाइल सहसा कोणी उघडत नाही. हेच सगळं एपीआयने (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायची सोय) तिकिटात पाठवलं, की तक्रार करायला खेळाडूला ब्राउझरही लागत नाही.

अशा सॉफ्टवेअरपैकी ओएसटिकेट फुकट आहे, पीएचपी-मायएसक्यूएल असलेल्या साध्या होस्टिंगवर चालतं. त्याची एपीआय की (एपीआय वापरायची परवानगी-किल्ली) मात्र आयपी पत्त्याला बांधलेली असते. खेळाचा सर्व्हर हलला की नवी काढा. शिवाय प्रत्येक तिकिटाला ईमेल लागतो, आणि टोपणनावाने खेळणारे तो खुशीने देत नाहीत. पात्रागणिक आपल्याच डोमेनवरचा पत्ता भरा आणि तिथे जाणारी स्वयंचलित उत्तरं बंद ठेवा. रिक्वेस्ट ट्रॅकर हे दुसरं सॉफ्टवेअर दमदार, पण पर्ल या प्रोग्रामिंग भाषेचा पसारा सांभाळणं दोन-तीन विझार्डांच्या, म्हणजे मड चालवणाऱ्यांच्या, चमूला जडच.

छळाच्या तक्रारींचा विभाग वेगळा ठेवता येतो का, हेही पाहा. कधीकधी तक्रार विझार्डाविरुद्धच असते!